लगतधारकास नोटीस

हद्द कायम करायची तर आधी शेजाऱ्याला नोटीस द्यावी लागते, हे ऋजुता शेवाळेला शाळेत नाव घालायच्या आधीपासून ठाऊक होतं. तिचे वडील आत्माराम शेवाळे चौतीस वर्षं सरकारी मोजणीदार होते, कराड आणि आसपासच्या गावांत. ज्याच्या शेताची मोजणी, त्याच्या चारी अंगांच्या शेजाऱ्यांना, कचेरीच्या भाषेत लगतधारकांना, पंधरा दिवस आधी कागद जायचा. अमुक तारखेला अमुक वाजता मोजणी आहे, हजर राहा. कागद मिळाल्याची सही आणि तारीख परत आली की मगच अण्णा साखळी उचलायचे.

सुट्टीत ऋजुता त्या नोटिसांवर पत्ते घालायला बसायची. शेवटची ओळ तिला परवच्यासारखी पाठ होती : आपण गैरहजर राहिल्यास आपली काही हरकत नाही असे समजून मोजणी पूर्ण करण्यात येईल.

"अण्णा, तो माणूस आजारी असला तर?"

"मग त्यानं कळवायचं."

"आणि त्याला कागदच मिळाला नाही तर?"

"कागद मिळत नाही असं होत नाही, ऋजू. पोचवणारा नीट असला की कागद पोचतोच."

एकदा कुणा बागायतदाराने उशिरा मिळालेल्या नोटिशीवर मागची तारीख घालून सही केली. तेवढ्यावरून अण्णांनी सगळी मोजणी नव्याने लावली. ज्या दिवशी कागद हातात आला तोच दिवस खरा, मागची तारीख घालणं म्हणजे खोटं बोलणं, असं त्यांचं म्हणणं. माणूस हट्टी होता, पण सरळ होता.

त्यांची मुलगीही हद्दीच्याच धंद्यात पडली. फक्त तिच्या हद्दी जमिनीवरच्या नव्हत्या.

पुण्यात बाणेरला ऋजुताची कंपनी संगणकांसाठी एक फायरवॉल बनवायची. नाव होतं 'वेस'. जुनी फायरवॉल म्हणजे दारावरचा गुरखा. कुठून आलात, कुठल्या दाराने जायचंय, एवढंच तो विचारणार. पत्ता बरोबर सांगितला की सोडणार. पण एकदा का आपण दुसऱ्याला आपला स्क्रीन दाखवला आणि माऊस त्याच्या हाती दिला, की घराच्या किल्ल्याच दिल्यासारखं असतं. मग आत आलेला माणूस खरंच तोच आहे की त्याचं सोंग, हे गुरख्याला कळत नाही. आणि सोंगं आता इतकी हुबेहूब झाली होती की आईने फोनवर हाक मारली तरी लेकरू आधी खूण विचारायचं. कुणाचाही आवाज, कुणाचाही चेहरा दहा मिनिटांत तयार करून मिळत होता.

वेस हात ओळखायची. कितीही स्थिर ठेवला तरी माणसाचा हात सेकंदाला आठ-दहा वेळा बारीक थरथरत असतो. डोळ्यांना ते दिसत नाही, पण माऊसच्या बाणाला कळतं. कुणी क्लिक करायच्या आधी क्षणभर थांबतो, कुणी रेघ ओढताना वळणावर घाई करतो, कुणाचं बोट एखाद्या अक्षरावर दरवेळी अडखळतं. हे सगळं मिळून ज्याचा त्याचा हात ठरतो. वेस तो हात महिनाभर शिकायची आणि मग प्रत्येक वेळी किती मेळ बसतो ते टक्क्यांत सांगायची. मेळ बसला नाही तर स्क्रीन उघडायचा नाही, फाइल आत यायची नाही, आलेली निरोपाची चिठ्ठीही उघडायची नाही.

ऋजुताने यात एक कडी आणखी घातली होती, आणि तिला त्या कडीचा भारी अभिमान होता. माणसाचा हात हळूहळू बदलतो, म्हणून इतर कंपन्यांच्या फायरवॉल त्या बदलाबरोबर शिकत जायच्या. ऋजुता म्हणायची, इथेच चोर घुसतो. रोज थोडं थोडं वेगळं वागून तो पहारेकऱ्याला आपल्याच हाताची सवय लावतो. म्हणून वेस एकदा शिकली की शिकली. हळूहळू बदलणारा हात दिसला की ती त्याला नक्कल करणारा समजायची.

या कडकपणाला कारणही तसंच घडलं होतं. दोन वर्षांपूर्वी अण्णांच्या आवाजात तिला फोन आला, "ऋजू, घसरून पडलोय गं, मशीन बंद होत नाही, जरा तुझ्याकडून बघ." तिने घाईघाईने स्क्रीन जोडला आणि पाठोपाठ तिच्या मशीनवरच्या कंपनीच्या फायली गेल्या. तिच्या हाताखालच्या एका मुलीची नोकरी त्यात गेली. अण्णा त्या वेळी मंडईत वांगी घेत होते. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. ऋजुताने ताक पिणंच सोडलं.

"अण्णा, आजपासून फोन नाही," तिने कराडला जाऊन बजावलं. "तुमच्या आवाजात कुणीही बोलेल. बोलायचं ते वेशीतून. तुमचा हात कुणाला चोरता यायचा नाही."

अण्णांनी कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून तो संगणकाच्या काचेखाली चिकटवला : फोन करायचा नाही. ऋजूचा नियम.

नियम म्हटला की अण्णा तो पाळणार.

त्यानंतर रोज दुपारी चार वाजता दोघांचा स्क्रीन जोडला जायचा. अण्णांचं आजोळ धरणाच्या पाण्याखाली गेलं होतं, आणि निवृत्त झाल्यापासून ते जुन्या टिपणांवरून त्या गावाचा नकाशा संगणकावर उतरवत होते. एकेका शेताची हद्द माऊसने गिरवायची, बांधावरची झाडं मांडायची. कुणी मागितला नव्हता, कुणाला उपयोग नव्हता. ऋजुता आपलं काम करता करता स्क्रीनच्या कोपऱ्यात तो बाण चालताना बघायची. मध्येच अण्णा नकाशावर लिहायचे, "इथे चिंच होती. माझी मामेबहीण पडली होती त्यावरून." ती लिहायची, "ढकललं कुणी?" ते लिहायचे, "मीच." त्यांची रेघ सुतासारखी सरळ असायची. आई गेल्यानंतर दोघांना एकमेकांचं जे काही उरलं होतं, ते या अर्ध्या तासात होतं. पुणं ते कराड तीन तासांची वाट, पण रोज भेट होतेच आहे म्हणताना आठ महिन्यांत ती एकदाही गेली नव्हती.

ऑगस्टमध्ये मेळ सत्त्याण्णव टक्क्यांवरून त्र्याण्णववर आला. सप्टेंबरात अठ्ठ्याऐंशी.

"अण्णा, माऊस खराब झालाय का?" तिने लिहिलं.

"हात जरा जड पडतोय," त्यांनी लिहिलं. "वय झालं."

तिने त्यांना नवा, हलका माऊस पाठवला. त्यांनी लिहिलं, "छान आहे." ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात मेळ एकोणऐंशी झाला, आणि एकोणतीस तारखेला वेसने तांबडी पट्टी दाखवली : आत्माराम शेवाळे यांच्या हाताची नक्कल, संथ गतीने, तीन महिने चालू.

कुणीतरी अण्णांच्या नावाने तीन महिने तिच्या स्क्रीनवर येत होतं, या विचाराने ऋजुताला शिसारी आली. तिने त्याच मिनिटाला हद्द आवळली. ऐंशीच्या खाली कुणालाही प्रवेश नाही. मग अण्णांना निरोप धाडला, "तुमच्या नावाने कुणीतरी घुसतंय. दोन आठवडे मशीनला हात लावू नका. मी काम संपवून येतेच." निरोपाच्या खाली बारीक अक्षरांत 'रांगेत' असं आलं. ते तिने पाहिलं नाही. घेणाऱ्याचा हात जुळल्याशिवाय निरोप उघडत नसे, हा नियम तिनेच घातला होता.

शेजाऱ्याला नोटीस न देता तिने हद्द कायम केली. वडिलांनी जन्मात केली नसती अशी गोष्ट, आणि ती तिला त्या वेळी सुचलीसुद्धा नाही.

नोव्हेंबरच्या पंधरा तारखेला वेसची नवी आवृत्ती मोठ्या गिऱ्हाइकांपुढे ठेवायची होती. सभागृहात साठेक माणसं होती. ऋजुताने पडद्यावर दोन रेघा दाखवल्या. वरची सुतासारखी सरळ, खालची वेडीवाकडी.

"वरचा हात माझ्या वडिलांचा," ती म्हणाली. "खालचा त्यांची नक्कल करणाऱ्याचा. हा चोर तीस तारखेपासून बारा तारखेपर्यंत चौदा वेळा आला, रोज ठीक चार वाजता. म्हणजे आमची वेळसुद्धा त्याला ठाऊक होती. एकदा त्याने फाइलही आत टाकायचा प्रयत्न केला, ती वेसने अलग ठेवली. अनोळखी आवाजाचा फोन तीन वेळा आला, तो वेसने परस्पर तोडून नुसता मजकूर टिपून ठेवला. तुमचे वडील दवाखान्यात आहेत, ताबडतोब या. नेहमीचं सोंग. चौदाही वेळा वेस उघडली नाही."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. ऋजुताही हसली. ते हसू तिला पुढे जन्मभर विसरता आलं नाही.

चहाच्या वेळी तिच्याच गटातली सबा मुजावर तिच्याजवळ आली. सबा नक्कल करणाऱ्या यंत्रांचा अभ्यास करायची, म्हणजे चोरांचे हात ओळखणं हेच तिचं काम.

"ऋजुताताई, एक विचारू? रागावू नका."

"विचार की."

"नक्कल दिवसेंदिवस सुधारत जाते. चोर शिकत असतो ना. ही रेघ रोज बिघडत गेलीये." सबाने आवाज आणखी खाली आणला. "आणि बिघाड फक्त उजवीकडे ओढताना आहे. थांबण्याच्या जागा मात्र सगळ्या वडिलांच्याच आहेत. माझ्या आजोबांचं असंच झालं होतं. ताई, हा चोर नाही वाटत मला. हा माणूस आजारी आहे."

ऋजुताने हातातला कप खाली ठेवला. तीन महिन्यांचे आकडे तिच्या डोळ्यांसमोरून गेले. सत्त्याण्णव, त्र्याण्णव, अठ्ठ्याऐंशी, एकोणऐंशी. कुठल्याही डॉक्टरच्या आधी तिच्या यंत्राने अण्णांचं दुखणं पकडलं होतं, आणि रोज चार वाजता तिला ते सांगत होतं. तिने त्याला चोर म्हटलं होतं.

कराडकडे गाडी चालवताना तिने दोन वर्षांत पहिल्यांदा अण्णांना फोन लावला. तो बंद होता.

घराच्या दाराशी रावजीकाका कुलूप लावत उभे होते. रावजी मदने म्हणजे अण्णांचे साखळीवाले. तीस वर्षं साखळीचं एक टोक अण्णांच्या हाती आणि दुसरं त्यांच्या. त्यांच्या हातात कपड्यांची पिशवी होती. तिला बघून ते पायरीवर बसले.

"लई येळ केलास गं पोरी."

"काका, अण्णा कुठे आहेत?"

"दवाखान्यात. मी आता तुझ्याकडंच निघालो हुतो, पुन्याला. डोक्यात गाठ हुती त्यांच्या. डाव्या अंगाला. काल चार वाजता आपरेशन केलं. आजून डोळं उघडलं न्हाईत."

"काल?" ती म्हणाली. "काका, मला कुणी कळवलं का नाही?"

रावजीकाकांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, नुसतं नवल होतं.

"तीनदा फोन केला की. एक बाई बोलली, तुमचा आवाज नोंदल्याला न्हाई. अण्णास्नी कळलं तर माझ्यावरच तापले. म्हनले, रावजी, पोरीचा नियम हाय, फोन करायचा न्हाई. तिला मी नोटीस धाडलीया. पंधरा दिस आधी धाडलीया, कायद्यानं. नोटीस मिळाली की ती हजर हुतीया. मी म्हनलं, मिळाली नसंल तर? तर म्हनले, कागद मिळत न्हाई असं हुत न्हाई."

ऋजुताने त्यांच्या हातातली कपड्यांची पिशवी घेतली.

"काल साडेतीनपास्नं दाराकडं डोळं लावून पडलं हुतं," रावजीकाका म्हणाले. "डाक्टरला म्हनले, धा मिन्टं थांबा, माझी लेक येनार हाय. त्यो बी भला मानूस, थांबला. सव्वाचार झालं. मग अण्णाच म्हनले, कामात आसंल. हरकत न्हाई. घ्या सुरू करून."

अण्णा आणखी दीड दिवस दवाखान्यात होते. ऋजुता त्यांचा उजवा हात धरून बसायची. तो हात आता थरथरत नव्हता. ती त्यांच्या कानाशी वाकून सांगायची की अण्णा, मी आलेय, उशीर झाला, पण आलेय. डॉक्टर म्हणाले, ऐकू जात असेल, नसेलही, सांगता येत नाही. सतरा तारखेच्या पहाटे तेही संपलं. तिने अग्नी दिला, आणि घाटावर रावजीकाकांच्या गळ्यात पडून लहान मुलीसारखी रडली. काका तिची पाठ थोपटत राहिले.

तिसरा दिवस झाला. त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी घर रिकामं झाल्यावर ती अण्णांच्या खुर्चीत जाऊन बसली. संगणकाच्या काचेखाली तो कागद अजून चिकटलेला होता. पडद्यावर आजोळच्या गावाचा नकाशा अर्धवट होता. शेवटच्या काही हद्दी वेड्यावाकड्या होत्या, एकेक चारचारदा खोडून पुन्हा काढलेली. चिंचेच्या झाडापाशी रेघ थांबली होती.

भिंतीवरच्या घड्याळात चार वाजत आले होते. तिने इथून पुण्याच्या आपल्या मशीनचा स्क्रीन जोडला. वेसने क्षणही घेतला नाही. मेळ अठ्ठ्याण्णव टक्के, या ऋजुता. बापाला चौदा वेळा दारातून परत धाडणाऱ्या यंत्राने त्याच खुर्चीवरून लेकीला मात्र पाहता क्षणी आत घेतलं. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात ती हीच. आणि सुळी उभारणारी ती स्वतः होती.

अलग ठेवलेल्या सामानात एकच फाइल होती. तारीख तीस ऑक्टोबर, वेळ चार वाजून दोन मिनिटं. तिने ती उघडायला बोट लावलं तेव्हा वेसने विचारलं : पाठवणाऱ्याचा हात ओळखीचा नाही. हा हात यापुढे आत्माराम शेवाळे यांचा म्हणून स्वीकारायचा का?

'होय'वर क्लिक करायला तिला फार वेळ लागला. यापुढे तो हात कधीच येणार नव्हता.

फाइल उघडली. सरकारी नमुन्यात, ठाकठीक समासांसह टाइप केलेली नोटीस होती. अक्षरं मध्येच दुबार पडली होती, काही ठिकाणी गळाली होती. जड झालेल्या हाताने एवढं टाइप करायला अण्णांना किती वेळ लागला असेल, याचा हिशेब तिचं डोकं आपोआप करायला लागलं आणि तिने तो थांबवला.

'प्रति, लगतधारक कु. ऋजुता आत्माराम शेवाळे, मु. पो. पुणे.

विषय : मोजणीबाबत.

उपरोक्त विषयान्वये कळविण्यात येते की अर्जदार आत्माराम शेवाळे यांच्या मिळकतीत डाव्या बाजूने अतिक्रमण झाल्याचे आढळून आले आहे. मिळकतीचे वर्णन : अर्जदाराचे डोके. अतिक्रमण करणारी गाठ, आकार लिंबाएवढा. सबब तारीख १४ नोव्हेंबर रोजी दुपारी ठीक चार वाजता हद्द कायम करण्याकामी डॉक्टर मोजणी करणार आहेत. सदर मिळकतीस लागून आपल्याखेरीज अन्य कोणीही लगतधारक नाही. तरी आपण समक्ष हजर राहावे. येताना घाई करू नये, गाडी सावकाश चालवावी.

आपण गैरहजर राहिल्यास आपली काही हरकत नाही असे समजून मोजणी पूर्ण करण्यात येईल.'

खाली रीतीप्रमाणे आखलेली जागा होती : नोटीस मिळाली. सही. तारीख.

ऋजुताला हुंदका आवरला नाही. टेबलावर डोकं ठेवून ती किती वेळ रडली कोण जाणे. हरकत होती, अण्णा. माझी हरकत होती. हे तिने मोठ्याने म्हटलं, तीन-चारदा म्हटलं. स्वयंपाकघरात चहा टाकत असलेले रावजीकाका दारापर्यंत आले आणि तिला तशी बघून मागे फिरले.

मग तिने डोळे पुसले आणि नोटीस अण्णांच्याच प्रिंटरवर छापली. खणातून त्यांचं शाईचं पेन काढलं. सहीच्या जागी सही केली. तारखेपाशी मात्र तिचा हात थांबला. तीस ऑक्टोबर घातली असती तर बघणारं कुणी नव्हतं. त्या एका तारखेने सगळं जागच्या जागी बसलं असतं. कागद वेळेवर मिळाला असता, ती वेळेवर निघाली असती, चार वाजता दारात उभी राहिली असती.

तिने आजची तारीख घातली, वीस नोव्हेंबर.